घरतांच्या मिठाची बरणी

मी, पुष्पलता पंढरीनाथ घरत, वय वर्षे ७२, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार २०१, गावदेवी कृपा, नवघर, भाईंदर पूर्व, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच चष्म्यातून बघून, रेघांच्या वहीत लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. आज शुक्रवार, गॅसचा सिलिंडर मंगळवारी लावला, दूधवाल्याचा एक खाडा झाला, सगळे लक्षात आहे. कुणा माणसाने धाक घातला म्हणून लिहीत नाही. पुढे वकील लोक ‘मन स्वस्थ असताना’ असे घालतात ते मी घालणार नाही, कारण ते खोटे होईल. मी घाबरलेली आहे. सोमवारी माझे बायपासचे ऑपरेशन आहे. त्याची भीती आहेच, पण ती त्यातली लहान आहे.

मोठी भीती स्वयंपाकघरात, ओट्याखाली जमिनीला टेकून ठेवलेल्या चिनी मातीच्या बरणीची आहे. त्या बरणीतल्या मिठामुळे माझे धाकटे दीर परशुराम खोटे ठरले, त्यांची बायको नीलिमा लेकीला घेऊन माहेरी गेली, आणि त्यांच्या वाटणीचे आमच्याकडे आले. ते परत द्यायचे आहे. त्यासाठीच हा कागद. ते सातव्या कलमात येईल. पहिल्याच कलमात लिहायला हवे होते, पण स्वतःला ओळखून आहे. हात जरा चालता झाल्याशिवाय मला ते लिहिता येणार नाही.

कलम १. नवघर गावातल्या जुन्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझा मुलगा जितेश याला द्यावा. उरलेला अर्धा परशुरामभावजींचा, म्हणजे आता नीलिमाचा. तो कागदावर अजून तिचाच आहे. जितेशने तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवल्या आहेत, त्या काढाव्यात.

कलम २. मी राहते तो फ्लॅट, २०१, जितेश आणि सून दिव्या या दोघांच्या नावे करावा. दोघांच्या म्हणजे दोघांच्या. हा फ्लॅट आमच्या वाटणीच्या निर्विवाद जमिनीवर मिळालेला आहे, त्यात कुणाचा तळतळाट नाही. बाल्कनीत बोंबील सुकत घातले म्हणून सोसायटीच्या चेअरमनांनी मला दोन वेळा लेखी नोटीस दिली होती. ज्या जमिनीवर त्यांची गाडी उभी राहते तिथे आमचे बोंबील शंभर वर्षे सुकले. त्यांना मी माफ केलेले नाही, आणि हे कलम त्यांना वाचून दाखवले तरी चालेल.

कलम ३. माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या दिव्याला. यातली एक मध्यंतरी हरवली होती आणि सापडली. त्या हरवण्याने काय झाले ते पुढे येईल.

कलम ४. बँकेतली ठेव नात क्षितिजा हिला, शिक्षणासाठी. लग्नासाठी नव्हे. लग्न तिचे ती बघेल.

कलम ५. जितेशच्या टाइल्सच्या दुकानात, गल्ल्याच्या मागे भिंतीवर, शोभेसाठी एक लांब बांबूच्या दांड्याची लाकडी फळी टांगली आहे. गिऱ्हाईक विचारते हे काय, तर जितेश सांगतो, आमचा वारसा. वारसा वगैरे ठीक आहे, पण ती परशुरामभावजींची मीठ ओढायची फळी आहे. दांड्यावर जिथे ते धरायचे तिथे लाकूड झिजून गुळगुळीत झाले आहे. ती त्यांच्या मुलीला, सलोनीला द्यावी. तिने ती टांगावी, जाळावी, काहीही करावे.

कलम ६. हळदीच्या वेळची आणि बारशाची गाणी मी अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरांत लिहून ठेवली आहेत, सहा रजिस्टरे. कुणाला हवी तर घ्या. शब्द सगळे आहेत. चाल काही वहीत उतरवता आली नाही, त्यामुळे ती माझ्याबरोबर जाईल असे दिसते. क्षितिजाने मोबाइलवर माझा आवाज घेतला आहे, पण तेव्हा मला खोकला होता.

कलम ७. मिठाची बरणी.

इथपर्यंत येऊन मी उठले, दोनदा चहा केला आणि कारण नसताना फ्रीज पुसला. आता लिहिते.

आमचे सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खाडीकडच्या मिठागरात राबले. दर हंगामात वाफ्यातून पहिले मीठ ओढले की त्यातली एक मूठ विकायची नाही, घरच्या बरणीत टाकायची. बरणी कधी रिकामी करायची नाही. जुन्यावर नवे पडत राहायचे. सासूबाई म्हणायच्या सात पिढ्यांचे मीठ आहे, त्यांच्या नणंदा म्हणायच्या नऊ, मी आपली आठ धरते. बरणी नेहमी जमिनीला टेकलेली हवी. नवी सून आली की तिच्या पहिल्या कालवणात याच बरणीतले मीठ. आणि जिथे कागद नाही, साक्षीदार नाही, अशा भांडणात शेवटचा निकाल याच मिठाचा. ज्याला शपथ घ्यायची त्याने मूठभर मीठ परातीवर धरायचे, घरच्या थोरल्या सुनेने तांब्यातून त्या मुठीवर पाणी सोडायचे, आणि मीठ बोटांमधून गळत असताना त्याने आपले म्हणणे सांगायचे. खोटे बोलला तर पुढच्या होळीच्या आत तो माणूस मिठासारखा विरघळतो. कोण कोण विरघळले त्यांची नावे म्हातारी माणसे घडाघडा सांगायची. शपथ घेऊन जे ऐंशी वर्षे जगले त्यांची नावे मात्र कुणाला आठवत नसत. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

मी १९७४ साली वसईकडून या घरात आले. आमच्याकडे भातशेती, मिठागराचा गंध नाही, त्यामुळे मी पहिल्यापासून जरा खालचीच. पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला बरणीसमोर बसवले आणि म्हणाल्या, “पोरी, याला पाणी लागू द्याचा न्हाय. तुझ्या हातून गेला तं आठ पिढ्या तुझ्या नावाने रडतील.” मी एकवीस वर्षांची होते. त्या दिवसापासून मी त्या बरणीला घाबरते. भूत, चोर, पोलीस, कुणालाही मी इतकी घाबरलेली नाही.

आमचे आगर १९९६ ला बंद झाले. तेव्हापासून बरणीत नवे मीठ पडले नाही, म्हणजे होते ते संपले तर परत मिळणार नव्हते. परशुरामभावजी टेम्पो चालवू लागले. माझे यजमान ठाण्याला नोकरीत होतेच.

मग २००५ च्या जुलैतला पूर. आम्ही सगळे अजून गावातल्या जुन्या घरात राहत होतो. त्या दुपारी घरात मी एकटी होते. यजमान ऑफिसात अडकलेले, जितेश कामावर, दिव्या दिवस राहिले म्हणून माहेरी, सासूबाई लेकीकडे कल्याणला, आणि परशुरामभावजींचे कुटुंब एका लग्नाला गेलेले. पाणी कमरेपर्यंत चढले. मी पलंगावर टेबल चढवले, त्यावर पिठाचा डबा ठेवला, अंगणवाडीची रजिस्टरे ठेवली आणि टीव्ही उचलून ठेवला. नवा होता, हप्ते चालू होते. बरणी जमिनीवरच राहिली. मी टीव्ही वाचवला. वीस वर्षे झाली, हे वाक्य लिहिताना आजही कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी झाकण काढले तर आत गढूळ पाणी आणि तळाला चार बोटे चिखल. बोट बुडवून चाखले. नुसते खारट पाणी. मी ते मागच्या दारी ओतले. आठ पिढ्या सांडपाण्याबरोबर गेल्या आणि मी बघत उभी राहिले. 

नंतर जे केले ते पूर्ण शुद्धीत केले. नाक्यावरच्या रामूच्या दुकानात गेले. त्याचाही माल भिजला होता, पण वरच्या फळीवर काही गोण्या कोरड्या होत्या. पाच किलो खडे मीठ घेतले. तो म्हणाला, “अम्मा, इतना नमक? अचार डाल रही हो क्या?” मी हो म्हटले. आमचे मीठ करडे होते, हे पांढरेशुभ्र. म्हणून खाडीकाठचा चिखल आणून तव्यावर वाळवला, वस्त्रगाळ केला आणि मिठाला चोळला. बरणी भरून फडके बांधले. घरची माणसे परत आली तेव्हा मी सांगितले की घरात पाणी शिरताच सगळ्यात आधी मी बरणी उचलली.

सासूबाईंनी बरणीला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीत त्या सांगत सुटल्या, माझ्या सुनेने संसार वाहू दिला पण मीठ वाचवले. बायका मला पुढे बसवू लागल्या. खरे सांगायची इच्छा पहिले काही दिवस होती. नंतर त्या मानाची चव लागली आणि ती इच्छा गेली. सासूबाई २००८ साली गेल्या, त्याच समाधानात गेल्या.

२०१० साली बिल्डर आला. आबा, म्हणजे आमचे सासरे, तोवर हयात नव्हते. बांधालगत एक तुकडा होता. परशुरामभावजींचे म्हणणे, आबांनी तो तोंडी मला दिला, कारण आगरात त्यांच्याबरोबर मी राबलो. यजमानांचे म्हणणे, मला आबा असे कधी बोलले नाहीत. दोघे भाऊ एकमेकांना खोटारडा म्हणत नव्हते, एकमेकांकडे फक्त कागद मागत होते. कागद नव्हता. त्या वर्षीच्या होळीनंतर चार जाणती माणसे बसली आणि ठरले, मीठ.

थोरली सून मी. बरणी मीच आणली. तिथेच बोलायला हवे होते. आणि ज्याने कुणी हे वाचावे त्याला पटणार नाही, पण मला त्या दिवशी हायसे वाटत होते. मनात म्हटले, दुकानातले मीठ आहे, याने कुणाचे काही बिघडायचे नाही. भावजी शपथ घेतील, तुकडा त्यांना मिळेल, मिळू दे.

त्यांनी बरणीत हात घातला, मूठ भरली, मूठ वळली. आणि माझ्याकडे बघितले. फार नाही, मी तांब्या उचलेपर्यंत. मग परातीकडे बघून म्हणाले, “आबांनी बांधावरचा तुकडा मना दिला. खोटा बोलत असन तं या मिठावानी जाईन.” मी पाणी सोडले. थोडे परातीबाहेर सांडले. बघणाऱ्यांना वाटले, भक्तीने हात कापतो आहे.

अकरा महिन्यांत ते गेले. आधी कावीळ, मग लिव्हर. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. फाइल मी वाचली आहे, त्यात सगळे लिहिले होते. पण फाइल कोण वाचतो, डोळ्यांना दिसत होते की धिप्पाड माणूस दर आठवड्याला कमी कमी होतो आहे. जानेवारीत ते गेले तेव्हा होळीला अजून दोन महिने होते. मिठाने निकाल दिला, असे सगळे म्हणाले. यजमान भावासाठी ढसाढसा रडले आणि त्यांनीही ते मानले. तेरावे झाल्यावर नीलिमाने त्या तुकड्याचे हक्कसोड पत्र करून दिले. म्हणाली, मला काही नको, माझ्या पोरीच्या मागे हे लागायला नको. सलोनी बारा वर्षांची होती. नीलिमा तिला घेऊन काशीगावला भावाकडे गेली. सही करायला तिने जे पेन घेतले ते माझे होते.

तेव्हापासून मी एकच हिशोब रोज मांडते. मिठात काही ताकद नसेल, तर भावजी आजाराने गेले आणि आम्ही एका विधवेला फसवले. मिठात ताकद असेल, तर मी त्यांच्या हातात खोटे मीठ दिले आणि त्यांना त्या खोटेपणाने नेले, म्हणजे मी नेले. कुठूनही मांडले तरी उत्तर माझ्यावरच येते. यजमान २०१९ साली वारले, त्यांनाही मी सांगितले नाही. आमचा फायदा झाला होता, म्हणूनही सांगितले नाही. हे लिहायचे टाळणार होते, पण लिहिले.

यंदा फेब्रुवारीत दिव्याची पाटली सापडेना. माझीच, तिला वापरायला दिलेली. जितेशचा पारा चढला. क्षितिजाचा कुणी मित्र घरी येऊन गेला होता, त्यावरून त्याने तिला धारेवर धरले आणि शेवटी ओट्याखालची बरणी ओढून तिच्यासमोर आपटली. म्हणाला, “नाही घेतलीस ना? मग घाल हात मिठात आणि बोल.” दिव्या रडत होती. मी दारात उभी होते. एकोणीस वर्षांची मुलगी, कॉलेजात विज्ञान शिकते, तिने त्या बरणीकडे बघितले आणि तिचे ओठ पांढरे पडले. मग म्हणाली, “मी घेतली. विकली. सॉरी.”

पाच दिवसांनी पाटली दिव्याच्याच लॉकरमध्ये, दुसऱ्या बटव्यात सापडली. जितेश ओशाळला, पोरीसाठी आइस्क्रीम घेऊन आला, त्याच्या दृष्टीने विषय संपला. मी तिला एकटीला गाठून विचारले, बाळा, न केलेले कबूल का केलेस, खरे बोलणाऱ्याला मीठ काही करत नाही. ती म्हणाली, “आजी, परशाआजोबा पण खरं बोलले असतील तर?”

 आमच्या घरात आम्ही पोरांना काय दिले ते मला त्या दिवशी कळले. मीठ कधीच वाहून गेले होते. पुढच्या पिढीला पोचली ती फक्त भीती, आणि ती मात्र एक चिमूटही कमी न होता पोचली.

गेल्या महिन्यात मी रिक्षा करून काशीगावला गेले. चौदा वर्षांत दुसऱ्यांदा. नीलिमा डबे करून देते, तिच्या दोन खोल्यांत भाकरीचा वास होता. सलोनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामावर गेली होती. उंबऱ्यात चप्पल काढतानाच मी घडाघडा सगळे सांगून टाकले, कारण बसले असते तर बोलले नसते. टीव्ही, रामू, चिखल, तवा, सगळे. सांगून झाल्यावर मान वर करायची हिंमत होईना. वाटले आता ही मला बाहेर काढेल, आणि खरे तर तिने तेच करावे असे वाटत होते.

ती पाणी घेऊन आली. म्हणाली, “मना ठाव हाय, बाय.”

मी विचारले, कधीपासून. ती म्हणाली, “त्याच दिवशी सांजचे बोलले ते मना. मूठ वळली तवाच त्यांना कळला. सगला जन्म आगरात गेला त्यांचा, आपला मीठ त्यांना कळाचा न्हाय? आपला मीठ मुठीत भुगा होते. यो टोचत होता.”

मी म्हटले, मग ते बोलले का नाहीत? सगळ्यांसमोर मूठ उघडून दाखवायची होती. तुकडा तिथेच त्यांना मिळाला असता.

“बोलले असते तं तुमची काय गत झाली असती?” ती म्हणाली. “वयनीला घरात कोनी उभी केली नसती, असा बोलले. मना शपथ घातली, तू पन बोलाचा न्हाय. मग मी कशी बोलू?”

मला रडूही येईना. पाणी संपवून मी विचारले, आजारी पडल्यावर त्यांना काही वाटले का. म्हणजे या मिठामुळे होते आहे असे. नीलिमाने माझ्या हातातला पेला घेतला. मग म्हणाली, “शेवटी शेवटी वाटाचा. घाबराचे. रात रात मूठ वळून निजाचे. तरी तुमचा नाव न्हाय घेतला.”

एवढेच. निघताना मी म्हटले, तुकड्याचे जे आहे ते तुझे मी लिहून देते. ती म्हणाली, ते सलोनीचे बघा, मला नको. मला एकच पाहिजे. “एकदा सगल्यांच्या समोर बोला. ते खोटे न्हवते, एवढा बोला.”

कलम ८. म्हणून, बांधावरच्या तुकड्याच्या बदल्यात बिल्डरकडून मिळालेला फ्लॅट २०२ आणि तळमजल्याचा गाळा, हे दोन्ही, जे यजमानांच्या पश्चात आणि जितेशच्या संमतीने आज माझ्या एकटीच्या नावावर आहेत, मी श्रीमती नीलिमा परशुराम घरत आणि कुमारी सलोनी यांना देत आहे. हे बक्षीस नाही, दया नाही. त्यांचे त्यांना जात आहे. जितेशचे दुकान त्या गाळ्यात आहे याची मला जाणीव आहे. त्याने सलोनीशी रीतसर भाडेकरार करावा आणि भाड्यासाठी तिला खेपा घालायला लावू नयेत. जितू, तू चिडशील हे ठाऊक आहे. तुझी मला बरणीच्या खालोखाल भीती वाटते. पण तू माझा मुलगा आहेस, चिडून झाल्यावर ऐकशील.

कलम ९. बरणी क्षितिजाला. मी ती फोडून टाकणार होते, पण फोडली तर तिच्या गोष्टी होतील आणि गोष्टी बरणीपेक्षा जास्त टिकतात. अटी अशा. बरणी ओट्यावर ठेवावी, जमिनीवर नाही. त्यातले मीठ रोजच्या भाजी-आमटीला वापरावे. संपले की दुकानातून आणून भरावे, आणि भरताना घरातली सगळी माणसे हजर असावीत. नव्या सुनेला, जावयालाही, हे मीठ कुठून आले ते खरे सांगावे, माझ्या टीव्हीसकट. उद्यापासून त्या बरणीसमोर कुणाला उभे करून काही विचारायचे नाही. विचारायचे असेल तर शेजारी बसून विचारावे.

कलम १०. या कागदाची अंमलबजावणी दिव्याने करावी. ती सावकाश करेल, पण करेल.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. तसे केले तर नीलिमाने मागितले ते मी दिले असे होणार नाही, मी आपली फोटोत बसून मोकळी. म्हणून हे मी रविवारी सगळ्यांना बोलावून स्वतः वाचणार आहे. लिहिले आहे खरे. जमेल की नाही देव जाणे.

(रविवारी, वाचून झाल्यावर लिहिलेले.)

वाचले. कलम सातला थांबले, तिथे क्षितिजाने पाणी दिले. जितेश मध्येच उठून बाल्कनीत गेला. बराच वेळ आला नाही. मग आला आणि नीलिमाच्या पायांशी खाली बसला. जुन्या जाणत्यांपैकी दोघे हयात आहेत, ते आले होते. मी उभी राहून म्हटले, परशुराम घरत खोटे नव्हते. पुन्हा म्हटले, कारण त्यातल्या एकाला ऐकू कमी येते.

मग मी परात मागितली. या घराची शेवटची मिठाची शपथ माझी असावी असे मी ठरवले होते, आणि ते कुणाला सांगितले नव्हते. दिव्या नको म्हणाली, उद्या ऑपरेशन आहे आई, नको. मी मूठ भरली. मीठ टोचत होते. पाणी नीलिमाने सोडले. या कागदातला शब्द न्‌ शब्द खरा आहे, असे मी त्या मिठावर बोलले आहे.

आता शेवटची सूचना, आणि ही इच्छा नव्हे, हुकूम समजावा. उद्या मी शुद्धीवर आले नाही तर मिठाने नेले असे कुणी म्हणायचे नाही. तीन नळ्या अडल्या आहेत, साखर आहे, वय आहे, तेवढे पुरे आहे. आणि मी चालत घरी आले तर मिठाने तारले असेही म्हणायचे नाही. परातीतले मीठपाणी क्षितिजाने आजच्या आमटीत घातले आहे. डॉक्टरांनी मला मीठ बंद केले आहे, तरी मी दोन घास खाणार आहे.

खरे बोलत होते, तरी बोटांतून पाणी गळताना मला भीती वाटली.  भावजी, तुम्हाला वाटली ती हीच असणार, आणि तुम्ही ती माझ्यासाठी अकरा महिने मुठीत धरलीत.

ठिकाण : नवघर, भाईंदर पूर्व
दिनांक : २० एप्रिल २०२५, रविवार

पुष्पलता पंढरीनाथ घरत
(सही. हात ओला होता म्हणून शाई फुटली आहे, खाडाखोड समजू नये.)

आमच्या दोघांच्या समोर श्रीमती घरत यांनी वरील कागद वाचला, समजून उमजून सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या. आम्हा दोघांना या कागदाने काही मिळत नाही.

साक्षीदार १ : संपदा विनायक कर्णिक, राहणार २०४, गावदेवी कृपा. (सही)

साक्षीदार २ : रामाश्रय यादव ऊर्फ रामू, किराणा दुकान, नवघर नाका. पाच किलो खडे मीठ मीच दिले होते, मला आठवते. (सही, हिंदीत)